शेवटचे भाऊ आणि दोन खिडक्यांची खोली

लाँड्रीत त्यांना सगळे ‘शेवटचे भाऊ’ म्हणत. तोंडावर नुसतं भाऊ, पाठीमागे शेवटचे. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. ‘समाजवाद म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसाचा विचार’ हे वाक्य ज्यात नाही असं भाषण त्यांनी कधी केलं नाही, आणि भाषण केलं नाही असा दिवसही कधी जाऊ दिला नाही.

लाँड्री मोठी होती. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, ढीगच्या ढीग यायचे. मालकाने अंग काढून घेतलं तेव्हा कामगारांनी ती सहकारी करून चालवायला घेतली आणि भाऊंना अध्यक्ष केलं. त्याआधी भाऊ कपड्यांवर खुणा घालायचे, म्हणजे कुठली चादर कुठल्या हॉस्पिटलची ते लाल शाईने लिहायचे. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ब्रश चादरीवरून उचलला आणि ऑफिसातल्या जगाच्या नकाशावर टेकवला. जिथे समाजवाद आला तो देश लाल. शाई तीच, कितीही धुण्यांत न जाणारी.

पुढे एकेक देश फिरत गेला. कुठे पुतळे उतरले, कुठे सरकारी कारखाने विकले गेले, कुठे झेंडा तेवढा राहिला आणि झेंड्याखाली दुकानं थाटली. बातमी आली की भाऊ ब्लीच घेऊन नकाशाला भिडायचे. कागदाचा भुगा व्हायला आला, लाली काही हटेना. जन्म डाग काढण्याच्या धंद्यात गेलेल्या माणसाला एवढंही कळू नये, याला काय म्हणावं? शेवटी भाऊंनी शोध लावला की देश अजून लालच आहेत, तिथली माणसं तेवढी चुकली. आणि ज्या देशांनी क्रांतीच्या भानगडीत न पडता म्हाताऱ्यांना पेन्शन, आजाऱ्यांना औषध आणि कामाला आठ तासांची हद्द दिली, त्यांचं नाव निघालं की भाऊ नाक मुरडायचे. “पाणी घातलेला समाजवाद,” म्हणायचे. त्या पाणी घातलेल्यातलीच आठ तासांची शिटी लाँड्रीत वाजली की खुर्चीवरून सगळ्यांत आधी उठायचे ते मात्र भाऊच.

पण त्यांचा एक नियम खरंच चांगला होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. जो वाटे करील, त्याने शेवटी उचलायचं. हॉटेलांनी टाकून दिलेली ब्लँकेटं सभासदांत वाटायची असली की भाऊ वाटे घालायचे, चिठ्ठ्या टाकून बाकीचे आधी उचलायचे आणि उरेल ते भाऊ घ्यायचे. वाटणाऱ्याला उरलंसुरलं मिळणार म्हटल्यावर तो वाटे सारखेच घालणार, हा त्यातला हिशेब.

घोडं पेंड खायचं ते पुढे. माणसं भिडस्त होती. आपल्यासाठी एवढा झिजणारा माणूस शेवटी उचलणार, मग त्याला चांगलं नको का उरायला? म्हणून जो तो हात आखडता घ्यायचा. उसवलेलं ब्लँकेट आधी जायचं, विटकं त्यामागून, आणि नवं कोरं, जाडजूड, लोकरीचं तेवढं टेबलावर उरायचं. भाऊ ते मोठ्या नाराजीने काखेत मारायचे. “आपण कधी काही घेत नाही,” ते सांगायचे, “उरतं ते नेतो.” हे उरणं त्यांच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं. म्हणूनच त्यांचे वाटे अलीकडे सारखे नसायचे.

मग सोसायटीने लाँड्रीच्या मागे सभासदांसाठी इमारत बांधायला काढली. खोल्याही त्याच नियमाने वाटायच्या ठरल्या. गवंड्याच्या डोक्यावर भाऊ उभे. सगळ्या खोल्या एका मापाच्या, एकेका खिडकीच्या. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली तेवढी दोन खिडक्यांची, वारा या अंगाने येऊन त्या अंगाने जाईल अशी. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली निघाली. तिची खिडकी बॉयलरच्या भिंतीसमोर, हातभर अंतरावर. ती कोणाच्या वाट्याला जाईल, हा विचार भाऊंच्या डोक्यात आला नाही. कोणीतरी शेवटचा घेईल.

घरी मात्र त्यांनी वहिनींना दोन खिडक्यांचं माप आणून दिलं. वहिनींनी हॉटेलच्या एका जुन्या पलंगपोसाचे दोन पडदे शिवून घडी घालून ठेवले.

चिठ्ठ्यांच्या आधी इस्त्रीवाली मावशी भाऊंकडे आली. तिचा नवरा ब्लीचच्या हौदावर काम करून करून छातीने अधू झाला होता. सध्याच्या कोंदट खोलीत त्याला उशीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा, तेवढीच झोप.

“डॉक्टर म्हणतात, खेळती हवा पाहिजे,” मावशी म्हणाली. “ती कोपऱ्यातली मिळाली तर हे चार दिवस जास्त जगतील.”

“मावशी, वशिला आपल्याकडे चालत नाही,” भाऊ नाकाने कांदे सोलत म्हणाले. “चिठ्ठी निघाली की हवी ती मागा. कोण अडवतंय?”

कोणी मागणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून जीभ इतकी उदार झाली.

सभा सुकवणीच्या दालनात भरली. साबणाच्या खोक्यातून पहिली चिठ्ठी बॉयलरवाल्याची निघाली. त्याने मधल्या मजल्यावरची एक साधी खोली मागितली आणि म्हणाला, “कोपऱ्यातली भाऊंना राहू द्या.” टाळ्या पडल्या. भाऊंनी मान खाली घातली. ही मान खाली घालणं त्यांना फार छान जमायचं.

दुसरी चिठ्ठी मावशीची.

“कोपऱ्यातली,” मावशी म्हणाली. “दोन खिडक्यांची.”

सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊ उठले. जगात समाजवाद कुठे कुठे बुडाला आणि प्रत्येक ठिकाणी तो एकेकट्या माणसाच्या हव्यासापायी कसा बुडाला, हे त्यांनी लाल देशांची नावं घेऊन सांगितलं. माणसं ऐकत राहिली. मावशीही ऐकत राहिली, आणि त्यांचं संपल्यावर म्हणाली, “भाऊ, मी तुम्हाला विचारून घेतलं होतं. तुम्हीच म्हणालात, हवी ती मागा.”

“म्हणालो. पण मावशी, समूहाची काही भावना असते.”

“असेल. समूहाला खोकला नाही, ह्यांना आहे.”

कोणीतरी हसलं. बॉयलरवाल्याने डोकं खाजवत विचारलं, “मग मीपण माझी बदलून घेऊ का? मला खरं तर वरच्या मजल्यावरची हवी होती.”

झालं. इतकी वर्षं भिडेपोटी गिळलेलं सगळ्यांच्या तोंडून बाहेर पडायला लागलं. कोणाला रस्त्याकडची, कोणाला नळाजवळची. ज्याला जे हवं ते त्याने मागितलं आणि नियमाप्रमाणे घेतलं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या संपल्या तेव्हा उरली ती जिन्याखालची.

“भाऊ, तुमची,” बॉयलरवाला म्हणाला. त्यात कुत्सितपणा नव्हता, आणि तेच भाऊंना जास्त लागलं.

घरी त्यांनी वहिनींना ऐतिहासिक परिस्थिती समजावायला घेतली. वहिनींनी पडद्यांची घडी काढून समोर टाकली. “एवढं मापबिप आणलंत,” त्या म्हणाल्या, “आता दुसरा कुठे लावू?”

कुठे लावायचा ते भाऊंनीच सांगितलं. एक पडदा खिडकीला लागला आणि दुसरा खोलीतल्याच समोरच्या कोऱ्या भिंतीला, रीतसर दांडी ठोकून. त्या दुसऱ्या पडद्याखाली खुर्ची टाकून भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला जग समजावत बसू लागले. वर मावशीचा नवरा आडवा होऊन झोपू लागला होता. त्याची चौकशी करायला मात्र भाऊ एकदाही जिना चढले नाहीत.

उन्हाळ्यात दुसऱ्या गावच्या एका सहकारी कारखान्याचे लोक भाऊंना भेटायला आले. बॉयलरच्या झळांनी खोली तापली होती. भाऊ बोलत होते, शेवटच्या माणसाबद्दलच. घामाने निथळणारा एक पाहुणा उठला, म्हणाला, “जरा ही खिडकी उघडतो,” आणि त्याने भाऊंच्या मागचा पडदा बाजूला सारला.

मागे खिडकी नव्हतीच, कोरी भिंत होती. चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या.

“ती खिडकी,” भाऊ म्हणाले, “पुढच्या टप्प्यात आहे.”

पाहुण्याने पडदा पुन्हा सारखा केला आणि तो घाम पुसत खाली बसला.