घरातली नुरा कुस्ती

"ही काय घरी यायची वेळ आहे?" म्हणत निशिकांतने टेबलावर हात आपटला. ताटं खणखणली. आर्याही काही कमी नव्हती. बॅडमिंटनचं कोर्टच उशिरा मिळालं तर मी काय करू, आणि बाबाला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोटच कशी दिसते, असं तिने ठणकावून विचारलं. त्यावर त्याने पॉलिटेक्निकचे मार्क काढले, तिने शेजारच्या ब्लॉकमधल्या कुणा मुलीचं उदाहरण दिलं.

इथवर आलं की उल्काची पाळी असायची. एरवी ती हात पुसत ओट्यापासून धावत यायची, "अहो, जेवू तरी द्या तिला" म्हणायची आणि आर्याला आत नेऊन समजूत घालायची. त्या गडबडीत बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीच्या खांद्यावर, पाठीवर एवढे काळेनिळे डाग कसे, हे विचारायचं राहूनच जायचं. उलट मलम चोळताचोळता तीच त्या कधी न पाहिलेल्या कोचला शिव्या घालायची.

आज ती काकडी चोचवत बसून राहिली.

दुपारी रॅफल्स प्लेसला ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना ऑफिसातल्या शू लिंगने तिच्यापुढे मोबाइल धरला होता. शिराउमे नावाच्या जपानी कंपनीचा, बायकांच्या कुस्तीचा खेळ शनिवारी सिंगापूरमध्ये होता. जाहिरातीत चकचकीत पोशाखातल्या जपानी मुली होत्या आणि कडेला, भुवया चढवून, आर्या. "युअर डॉटर, इज इट?" शू लिंगने विचारलं. उल्का नाही म्हणाली. तोंडातून आपोआप गेलं ते. मग जिन्यात जाऊन तिने जाहिरातीतला नंबर फिरवला.

पलीकडची बाई मोठी अगत्याची होती. आर्या दोन वर्षं इथल्या जिममध्ये शिकते आहे, कंपनीला फार आवडली आहे, शनिवारनंतर वर्षभर तोक्योला ट्रेनिंगला न्यायचं आहे, असं तिने सांगितलं. तिची वीस वर्षं पूर्ण नाहीत म्हणून कंपनीच्या नियमाने आई आणि वडील दोघांची परवानगी लागते. वडील भेटून गेले. आईला इंग्रजी येत नाही, तेव्हा माझा शब्द तोच तिचा, असं म्हणाले. "पण तुम्ही तर किती छान बोलता," बाई म्हणाली.

ती नोकरी करायची त्या बँकेच्या वार्षिक अहवालाचं निम्मं इंग्रजी गेली कित्येक वर्षं उल्काच्या हातचं होतं.

"मी बोलतोय, आणि हिचं लक्षच नाही," निशिकांत म्हणाला. ते आर्याला उद्देशून होतं, पण डोळे उल्काकडे होते. ती अजून उठत कशी नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"ग्लास आधी सरकवलात," उल्का म्हणाली.

"काय?"

"हात आपटायच्या आधी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवलात. सांडायला नको म्हणून."

आर्याने बापाकडे पाहिलं. पुढचा डाव काय, असं विचारल्यासारखं.

"आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात," उल्का म्हणाली. "दोघांचं आधीच ठरलेलं. रडायचं ते बघणाऱ्याने."

तिला हे सांगायचा हक्क होता. तिचे वडील, अण्णा, सांगलीकडचे नावाजलेले पैलवान. लहानपणी जत्रेच्या मैदानात त्यांना चितपट होताना तिने पाहिलं आणि दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मोठी झाल्यावर आईकडून कळलं, की ती कुस्ती ठरवून हरलेली होती. अण्णा हरले याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण ती रडत होती तेव्हा ते समोर बसून होते, आणि बोलले नाहीत, हे ती विसरू शकली नाही. हे तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, निशिकांतला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. निशिकांतने खुर्ची ओढली आणि समजावणीच्या सुरात सुरुवात केली. तुला कुस्तीचा शब्दही सहन होत नाही, तुझ्या जिवाला त्रास नको, म्हणूनच हे सगळं. वाद घालत राहिलो की तू मध्ये पडतेस आणि बाकीचं विचारत नाहीस, हे पहिल्या भांडणात आपोआप लक्षात आलं. मग चालू राहिलं.

"बाबाने मला आजोबांचं सांगितलंय, आई," आर्या हळूच म्हणाली. "म्हणून तर मी पण गप्प राहिले."

म्हणजे तेही सांगून झालं होतं.

"पण आमचं तसं नसतं ना," आर्या पुढे म्हणाली. "रिझल्ट आधी ठरतो, पण बघायला येणाऱ्याला ते माहीत असतं. कोणी फसत नाही, लाह." तो शेवटचा "लाह" इथल्या शाळेतला.

"तेच म्हणते मी. तिथे तिकीट काढणाऱ्याला माहीत असतं."

आर्याचा चेहरा उतरला. पोर खोटं बोलली होती, पण बोलायला शिकवलेली होती. उल्का नवऱ्याकडे वळली.

"आणि इंग्रजी?"

निशिकांतने चष्मा काढून पुसला. "ते... त्या वेळी पटकन तेवढंच सुचलं गं."

खाली एलआरटीचा, छोट्या लोकल गाडीचा, डबा खडखडत गेला. जिन्यात फोन ठेवल्यापासून उल्का एकच गोष्ट घोळवत होती. विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो? थोडा आरडाओरडा केला असता, दोनचार दिवस अबोला धरला असता, आणि बहुतेक हो म्हणालो असतो. जाहिरातीतल्या लेकीच्या भुवया थेट अण्णांच्या होत्या. पण दोघांनी मिळून तिचा नकार परस्पर गृहीत धरून टाकला होता, आणि वर तिच्याकडूनच मलम चोळून घेतलं होतं.

तिने कोशिंबिरीवर फोडणी ओतली, तिघांची ताटं वाढली आणि बसली. पहिला घास घेऊन झाल्यावर, उद्याची भाजी सांगावी तशा आवाजात म्हणाली,

"आर्याला माझी परवानगी आहे. त्या बाईंना मी संध्याकाळीच पुन्हा फोन करून सांगितलंय, इंग्रजीत. शनिवारी मी तिची कुस्ती बघायला जाणार आहे, माझं तिकीट मी काढलंय. आणि रविवारपासून मी सेम्बावांगला माझ्या मैत्रिणीकडे, निशिगंधाकडे राहणार आहे. किती दिवस, ते ठरलेलं नाही."