भाऊंच्या दोन पट्ट्या

बाप्पाचा उजवा दंड लिंपत होतो, हात कोपरापर्यंत शाडूत, तेव्हा भाऊंच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. भाऊ गेले... जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. परळला त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या मनात एकच होतं, रागावून तर नाही ना गेले? आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं, आणि भांडण याच दंडावरून झालं होतं.

भाऊ म्हणजे लालबागमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यातले सर्वांत जुने मूर्तिकार, आणि माझे गुरू. शरीर ते पुस्तकातून शिकले नव्हते. तरुणपणी गिरणी कामगारांच्या तालमीत वही घेऊन बसायचे, जोर काढणाऱ्यांचे हात न्याहाळत. आम्हाला शिकवायला त्यांनी एक यंत्र केलं होतं. खिळ्याने जोडलेल्या दोन लाकडी पट्ट्या, पुढून एक दोरी, मागून एक. पुढची ओढली की कोपर वाकायचं, मागची ओढली की सरळ. स्नायू फक्त ओढतो, ढकलणं त्याच्या बापाला जमायचं नाही, म्हणून तर जोडी लागते, एकाने आखडायचं तेव्हा दुसऱ्याने सैल सोडायचं... हे वीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की मला वाटायचं, कळलंय आपल्याला.

यंदा मंडळाच्या पोरांना पिळदार बाप्पा हवा होता. मीही हुरळलो. आशीर्वादाच्या हाताचा दंड पुढूनही फुगवला, मागूनही. भाऊंनी पाहिलं आणि पट्ट्या माझ्या हातात दिल्या. दोन्ही दोऱ्या एकदम ओढायला सांगितल्या. ओढल्या. कोपर जाम.

"हा हात आशीर्वाद देत नाहीये रे. कुस्तीला उभा राहिलाय."

सगळे कारागीर हसले. चाळिशी उलटलेला माणूस मी, डोकंच फिरलं. असा हिसका दिला की मागची दोरी तुटली. लोकांना हवं ते करू द्या की, असंही वर बोललो. भाऊंनी पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. मीही गेलो नाही. अकड, दुसरं काय!

भाऊ गेले त्या संध्याकाळी सुनंदा त्यांची उजवी मूठ उघडू बघत होती. तळहातावर तिला फूल ठेवायचं होतं. मूठ उघडेना. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा कशावर चिडले होते रे?"

मी भाऊंनी शिकवलेलंच तिला सांगितलं. स्नायूला आखडायला ताकद लागते, तशी सोडायलाही लागते. जीव गेल्यावर ती संपली की तो आहे तसा धरून बसतो. राग नव्हे हा. तिला पटलं, मला मात्र पटेना.

त्यानंतर तो दंड ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. रोज फडकं भिजवायचो, पण हात लावायची हिंमत होत नव्हती. काल, तीन आठवड्यांनी, सुनंदा भाऊंची पिशवी घेऊन कारखान्यात आली. आत पट्ट्या होत्या. मागची दोरी नवीकोरी, तिला भाऊंची ती दुहेरी गाठ. गेले त्याच दिवशी सकाळी चष्मा लावून ओवत बसले होते, म्हणाली. चार वाजता कारखान्यात जातो, त्याला लागेल, असं म्हणत होते.

पट्ट्या हातात घेतल्या, पुढची दोरी ओढली. कोपर वाकलं आणि मागची दोरी माझ्या बोटांतून मुकाट सरकत गेली. मग मी फडकं सोडलं आणि दंडाच्या मागची माती उतरवायला घेतली.