ऑरिनचा कागद

आमच्या ऑरिनला सगळं खोरं मानतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक आहे, हीच तर पंचाईत. चौतीस वर्षं हा नवरा माझा गॅरेजमध्ये बसून लोकांची चाकं-केबलवाली आधुनिक धनुष्यं जुळवतोय. दोरी बदल, केबलला पीळ दे, दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतायत ना बघ, बाण तोलून बघ. सप्टेंबरात एल्कच्या, म्हणजे इकडच्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला निघणारा माणूस आधी आमच्या दारात येतो.

काम संपलं की त्याचा एक शिरस्ता होता. चौकटीत ताणलेल्या कागदातून तो दोन पावलांवरून बाण मारायचा. बाण सरळ सुटला तर कागदाला गोल भोक पडतं, तिरका सुटला तर त्याचं शेपूट कागद फाडत जातं. ऑरिनचं भोक नेहमी गोल. मग तो कागद तारीख घालून गिऱ्हाइकाच्या हातात. "धनुष्यात दोष नाही. आता चुकलास तर तुझा हात वाकडा." त्या कागदापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. माझेही कागद फ्रीजवर लावलेले असायचे.

आणि मी चुकायचे. वीस यार्डांवर बरोबर, चाळीसवर दोन बोटं उजवीकडे, ऐंशीवर चक्क वीतभर. नेमाची खूण सरकवून लांबचं साधावं, तर जवळचं बिघडायचं.

दर जुलैत डोंगरावर आमच्या क्लबचा मेळावा भरतो. शेवटचं लक्ष्य लोखंडी एल्क. ऐंशी यार्डांवर उभा पोलादी पत्रा, काळजाच्या जागी बशीएवढं भोक. भोकातून गेला तर बाण पलीकडे गवतात, नाहीतर ठण्ण करून तुकडे. बावीस वर्षं मी दर वर्षी एक बाण त्या पत्र्यावर फोडला. शेजारच्या रँचवरचा ड्वाइट तर मला बघितलं की केराची बादलीच पुढे करायचा. सगळे हसायचे, मीही हसायचे, पण परतताना गाडीत माझे डोळे भरून यायचे. मला एकदा, फक्त एकदा, बाण त्या भोकातून घालवायचा होता.

या मार्चमध्ये छपरावरचा बर्फ काढताना ऑरिन घसरला. खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि वर्षभर दोरी ओढायची नाही अशी डॉक्टरची सक्त ताकीद. जूनमध्ये माझ्या धनुष्याला नवी दोरी घातली, पण कागद मारणार कोण?

"तूच मार," तो म्हणाला. "मी सांगतो तसं."

मारला. फर्र्! दोन बोटं लांब चीर. शेपूट डावीकडे, टोक उजवीकडे.

"मूठ सैल धर, डेला. पुन्हा."

पाच कागद झाले आणि पाच चिरा पडल्या.

"हात वाकडा आहे ना माझा?" मी म्हटलं.

तो जवळ आला. वाकून माझी मूठ बघत बसला. ऑरिनचा पंजा फावड्याएवढा, माझा त्याच्या निम्मा. त्यात माझं धनुष्य त्याला आखूड. पोराच्या सायकलवर बसल्यासारखा तो अंग चोरून ते ओढायचा, आणि त्याच अवघडलेल्या हाताला जुळवून मला द्यायचा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अरे बाबा! बावीस वर्षं तू हे तुझ्या हाताला जुळवत होतास?"

त्याचे कान लाल झाले. "तो पाना दे," एवढंच म्हणाला.

माझं डोकं असं तापलं की दोन दिवस स्वयंपाकघरात भांडीच बोलत होती. तिसऱ्या दिवशी तो स्टुलावर आणि पाना माझ्या हातात.

"केसभर सरकव. केसभर म्हटलं, बोटभर नाही!"

"केस कशाला म्हणतात ते आठवतं का तुला? डोक्यावर तर एक उरला नाही."

सात कागद फाटले. आठव्यावर गोल भोक पडलं. ऑरिननं तो कागद उतरवला, घडी केली आणि खिशात घातला. चुकलो म्हणून एक शब्द नाही. हट्टी मेला!

मेळाव्याला ड्वाइट बादली घेऊन तयारच होता. "या बाई, या! यंदाचे तुकडे कुठे टाकू?"

मी दोरी ओढली, श्वास सोडला, बाण सुटला. आवाज आला नाही. पत्रा वाजलाच नाही. क्षणभर सगळे कान देऊन उभे राहिले, आणि मग असा गलका झाला की विचारू नका.

ऑरिन पुढे आला. खिशातला कागद त्यानं उलगडला, सगळ्यांसमोर वर धरला.

"हा हिनं मारलाय," तो म्हणाला. "ड्वाइट, ती बादली माझ्याकडे दे. इतकी वर्षं बाण हिनं नाही फोडले. मी फोडले."

कुणी हसलं नाही. मग मागून म्हातारा वेंडल पुढे आला. त्यानं चार वर्षांपूर्वी नेमबाजी सोडली होती.

"म्हणजे ऑरिन," तो हळूच म्हणाला, "माझाही हात वाकडा नव्हता?"

ऑरिननं मान खाली घातली. "उद्या धनुष्य घेऊन ये, वेंडल. कागद तू मार."

मी बाण आणायला पत्र्यामागे गेले आणि एकटीच मनसोक्त रडून घेतलं. बाण गवतात धडधाकट पडला होता.