पाणी भरतंय

आज सकाळी सून विहिरीवरून म्हणाली, "आई, पाणी भरतेय हं!" आणि इतक्या वर्षांनीही माझी नजर आधी पायांकडे गेली.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांच्या आत्याबाई साताऱ्याहून समुद्र बघायला आल्या होत्या. ठाण्याहून बैलगाडीने घोडबंदरावरून आम्ही उत्तनचा किनारा गाठला आणि ताडांखाली राहुटी ठोकली. सकाळी आत्याबाई सोवळ्याने लांबच्या खडकावर, समुद्राकडे तोंड करून जपाला बसल्या.

तेवढ्यात आमचा गाडीवान पास्कू ओरडला, "बाय, पानी भरतंय! पानी भरतंय!"

आत्याबाईंनी मागे न बघताच हात हलवला. "भर बाबा, सावकाश भर. मला घाई नाही."

साताऱ्याला पाणी घागरीत भरतात. इथे समुद्र भरतो, हे त्यांना कोण सांगणार? मागची वाट केव्हाच बुडाली होती. ह्यांना पोहता येत नव्हतं. पास्कू छातीभर पाण्यातून खडकाशी पोचला आणि त्याने हात पुढे केला. किरिस्तावाचा हात. आत्याबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. लुगड्याचे काठ भिजले, गुडघे बुडाले. मग त्यांनी तो हात धरला.

दोघं किनाऱ्यावर येताच ह्यांनी घाईघाईने आत्याबाईंच्या अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. खारं पाणी पोटात गेल्याने पास्कू ओकत होता. आत्याबाईंनी राहुटीतला आपला पिण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

"घे, आधी चूळ भर."

भीतीने त्यांचं भान सुटलं होतं, असं हे पुढे सगळ्यांना सांगत. पण तांब्या देणारा तो हात मी जवळून पाहिला होता. तो जराही थरथरत नव्हता.