जळत्या जहाजाला टाळ्या

मित्रांनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून राह्यले.

आमच्या जालन्याच्या कॉलेजात आज सागरी सुरक्षेवर एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं. मी याच विषयात एम.ए. करते, त्यामुळं मोठ्या हौशीनं पुढं बसल्ते. बड्या देशांची समुद्रातली चढाओढ समजावताना त्यांनी हल्ल्यात पेटलेल्या मालवाहू जहाजाचा व्हिडिओ लावला. पोरांनी टाळ्या-शिट्ट्या वाजवल्या.

शेजारी माझी मैत्रीण होती, टेंभुर्णीची सुनीता. तिचा भाऊ अशाच जहाजावर खलाशी आहे, अन् सध्या हे हल्ले होतात त्याच समुद्रात आहे. ती उठून म्हणाली, "सर, यातली माणसं वाचली का?"

पाहुणे हसले. "ताई, मोठ्यांच्या डावात प्यादी मरतातच."

सगळा हॉल हसला.

शेवटी आभार मानायला मलाच बोलावलं. मी माईकवर म्हणाले, "सुनीताला उत्तर मिळालं न्हाई. मंग आभार कशाचे मानू?" अन् खाली उतरले.

बाहेर आल्यावर सुनीता म्हणाली, "दादा फोनवर विचारतो, गावाकडं लोक आमच्या बातम्या बघतात का? आता त्याला काय सांगू?"

मित्रांनो, तुम्ही काय सांगितलं असतं?