मोटर नसलेला कंट्रोलर

भूतबीत, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आणि गेम खेळताना हातात थरथरणाऱ्या कंट्रोलरवर तर त्याहून कमी. गाडी ठोकली की घर्रर्र... कशाला? ठोकली ते दिसत नाही? डोळे काय भाड्याने दिलेत? त्यात मी राहतो भिवंडीत, नारपोलीला. खाली पॉवरलूम, वर आम्ही. दिवसभर मांडणीतली भांडी थरथरतात, आणखी थरथर घेऊन काय करू? बॅटरी खाते ती वेगळीच.

म्हणून गेल्या वर्षी मी दोन्ही कंट्रोलर उघडले आणि आतल्या थरथर करणाऱ्या मोटरी कापून काढल्या.

बाबांना विचारलं नाही. चाळीस वर्षं लूमवर काढून बाबांचे कान पार गेलेत. मी कार रेस लावली की ते शेजारी बसून दुसरा कंट्रोलर धरायचे. त्याला ते रिमोटच म्हणतात. दोन्ही एकाच गाडीला जोडलेले. बटण दाबायचे नाहीत, नुसता तळवा लावायचे — लूमचा कारागीर असाच हात लावून मशीनचा बिघाड ओळखतो. हातात थरथरलं की खो खो हसायचे, "ठोकलंस, गाढवा!" आमच्या दोघांत तेवढंच बोलणं उरलं होतं, आणि तेच मी कापून टाकलं.

तरी ते धरून बसायचेच. मला चीड यायची. आत काही नाही, म्हातारा काय धरून बसलाय!

मग तो शुक्रवार. शुक्रवारी लूमना सुट्टी, बिल्डिंग एकदम शांत. दुपारी बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते, डोळे मिटून, कंट्रोलर हातात. मी खेळत होतो. वळणावर गाडी कठड्याला घासली.

"घासलंस," बाबा म्हणाले.

म्हटलं, योगायोग. मुद्दाम ठोकली.

"आता ठोकलंस. जोरात."

मग एक पूर्ण फेरी न ठोकता मारली. बाबा गप्प. पुन्हा ठोकली... "न्हाय जमत तुला!" दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर.

कंट्रोलर ओढून घेतला — मेलेलं प्लॅस्टिक. आईच्या हातात दिला. "काय न्हाय रं, थंडगार हाय," ती म्हणाली. स्क्रू काढून बघितलं. आत तुटक्या वायरी.

आता हे वाचून शहाणे सांगतील, टीव्हीचा उजेड, जमिनीचा धक्का, अमकं तमकं. मी पलीकडे खुर्चीत होतो, बाबा पलंगावर. तुमची अक्कल तुमच्यापाशीच ठेवा.

मला मात्र लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी नव्या मोटरी आणून बसवल्या, कंट्रोलर बाबांना दिला आणि गाडी ठोकली. घर्रर्र झालं. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"नुसतं गुरगुरतंय. काय कळत न्हाय."

मोटरी पुन्हा काढल्या. आधी कसं कळत होतं आणि आता का कळत नाही, मला अजून सांगता येत नाही. मी रोज ठोकतो, मुद्दाम ठोकतो... बाबा तळवा लावून बसतात, आणि थोड्या वेळाने माझ्या तोंडाकडे बघून विचारतात, "काय झालं रं?"