बर्फाचा डबा न घेता शेणव्याला

ह्या वेळी बर्फाचा डबा न्यायचा नाही, असं ठरवूनच पुण्याहून निघाले. इन्फ्लुएन्झा, म्हणजे साध्या भाषेत फ्लूचा ताप, ह्या एकाच विषाणूमागे माझी सगळी नोकरी गेली. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर जायचं, खोकणाऱ्या माणसांच्या घशात कापसाची काडी फिरवायची, ती बर्फात घालून प्रयोगशाळेत आणायची आणि विषाणूने यंदा कोणतं सोंग घेतलंय ते बघायचं. तो सारखा रूप पालटतो, म्हणून लसही पालटावी लागते, आणि कशी पालटायची ते जगभरातल्या अशा काड्यांवरून ठरतं. आता निवृत्ती तोंडावर आली. म्हटलं, जिथे जन्मभर पळत गेले तिथे एकदा नुसतं हिंडायला जाऊ. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझं घाटरस्ते आणि भाकऱ्यांचं वेड ठाऊक आहे. ह्या वेळचं लिहिणं तसं झालेलं नाही. वाईट वाटून घ्यायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

पहिला दिवस मात्र छान गेला. नारायणगाव, ओतूर करत माळशेज उतरले. थंडीत जाणार असाल तर पहाटेचं धुकं विरल्यावरच घाटात शिरा, ट्रकवाले दिवे लावायचा कंटाळा करतात. खाली टोकावड्याला चहा आणि गरम भजी झाली. मग मुरबाड ओलांडून म्हसा. जत्रा सरत आली होती, तरी बैलांच्या रांगा संपत नव्हत्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात नवे गोंडे, आणि मालक बैलाच्या दातांवरून हुज्जत घालतायत. मी एक घोंगडी घेतली. दुकानदार म्हणाला, "मावशी, ही तुमच्यामागं पन टिकंल." जाहिरात असावी तर अशी.

एका कडेला कोंबड्यांचे पिंजरे होते. चार गावांचे पक्षी एकाच पिंजऱ्यात, पाण्याचं भांडं एकच. माझ्या धंद्यातल्या माणसाला जत्रेत आकाशपाळणा दिसत नाही, पिंजरेच दिसतात. मन म्हणालं, आज सुट्टी आहे, पुढे चल. मुक्काम मुरबाडला स्टँडजवळच्या लॉजवर केला. चादरी स्वच्छ होत्या, गरम पाणी मात्र मागून घ्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सरळगाव, किन्हवली करत शेणव्याकडे निघाले. रस्ता बरा आहे, मधले खड्डे सोडले तर. कापलेल्या शेतांत वाल पसरलेला होता, पेंढ्याचे उडवे उभे होते. शेणव्याच्या पुढे गाडी झाडाखाली लावून वाडीपर्यंत चालत जावं लागतं. तिथे बुधीबाई राहते. आम्ही पहिल्यांदा काड्या घेऊन गेलो तेव्हा अख्खी वाडी दारं लावून बसली होती. ही एकटी पुढे आली, ओट्यावर बसली आणि तिने आ केला. तिचं बघून बाकीचे आले. तेव्हापासून दरवेळी पहिली काडी बुधीबाईची. त्या काड्यांवर माझे शोधनिबंध झाले, बढत्या झाल्या. लस शहरातल्या दवाखान्यांत पैसे मोजून मिळू लागली, वाडीच्या आरोग्य केंद्रात ती कधी आलीच नाही. "ती सुई आमाला कवा गो?" असं ती दर वर्षी हसत विचारायची. मी वर लिहायची, वरून काहीच यायचं नाही.

"डबा कुठं तुजा?" तिने लांबूनच विचारलं.

"यंदा नाही आणला. नुसती भेटायला आले."

"मंग बस. भाकर खा."

तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी. खाता खाता मला अंगणात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं. पायात एकही कोंबडी येत नव्हती.

"मर आलीय," बुधीबाई म्हणाली. "म्हशाच्या जत्रंतून कोंबडा आनला. दोन दिसांत बसला. मंग सगल्या बसाया लागल्या."

परसात एक मेलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पडली होती. मी वाकून बघितलं. गावठी कोंबड्यांना मानमोडी नेहमीच होते, तिच्यात मान पिळवटते. हिची मान सरळ होती. तुरा निळाकाळा पडला होता, डोकं सुजलं होतं, पायांवर लाल डाग होते. हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

"बाकीच्या कुठायत?"

"चांगल्या होत्या त्या धाडल्या मनीषाकडं. मर आली का आमी जित्या कोंबड्या लेकीकडं धाडतो, वाचतात तिकडं. तिला पोर जालाय ना, रस्सा पियाला पन होतील."

ह्या वाडीची ही जुनीच रीत. घराला आग लागली तर हाती येईल ते शेजारी नेऊन ठेवावं, तसंच. पण हा ताप म्हणजे बर्ड फ्लू असला तर तो माणसांनाही होऊ शकतो, आणि झाला तर फार थोडी माणसं त्यातून उठतात. मनीषा नुकती बाळंत झालेली होती.

बुधीबाईला गाडीत घालून उलटी मुरबाडकडे, मनीषाच्या वाडीवर निघाले. वाटेत सगळं सांगितलं.

"मला हे कळवावं लागेल, बुधीबाई."

"कोनाला?"

"सरकारला."

"कलव ना. मंग ते औशीद देतील?"

"नाही."

"सुई?"

कोंबड्यांना ह्या तापाची सुई आपल्याकडे टोचत नाहीत. लशींवर जन्म घालवलेली मी, तिला द्यायला माझ्याकडे थेंबभर काही नव्हतं. "सगळ्या माराव्या लागतील," मी म्हणाले. "तुझ्या, शेजारच्या, आसपासच्या सगळ्या. मनीषाकडच्याही."

किन्हवली मागे पडल्यावर ती म्हणाली, "मी तुला सांगितला म्हनून?"



मनीषाच्या घरात बाजेवर बाळ निजलं होतं आणि बाजेखाली टोपलीत कोंबड्या होत्या. त्यातली एक डोळे मिटून बसली होती. तोंडाला ओढणी बांधून मी टोपली बाहेर काढली, मनीषाला हात धुवायला लावले, कोंबड्यांना कुणी शिवू नका म्हणून बजावलं. ती आईकडे बघत होती, आई जमिनीकडे. मग रस्त्यावर येऊन, रेंज मिळाली तिथून, तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला. त्या फोनने मी काय करत होते ते मला पक्कं माहीत होतं. दुसरं काहीही केलं असतं तर त्या बाळाला तोंड दाखवता आलं नसतं, हेही माहीत होतं. ह्या दोन्हींतलं एकही कळणं उपयोगाचं ठरलं नाही.

नमुने बाहेर तपासायला गेले आणि उत्तर तेच आलं. "मॅडम, लोक तुम्हाला ओळखतात, बरोबर या," असा त्या अधिकाऱ्यांचा निरोप आला. पुन्हा माळशेज, पुन्हा तोच रस्ता. ह्या वेळी चहाला थांबले नाही, आणि बर्फाचा डबा होता.

पांढरे अंगभर पोशाख घातलेली माणसं घराघरांतून कोंबड्या गोळा करत होती. बायका रडत नव्हत्या, शिव्याही देत नव्हत्या. भरपाई मिळेल असं अधिकारी सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. अंडी उबवत बसलेली एक खुडूक कोंबडी टोपलीतून उचलली, तेव्हा तिच्याखालची अंडीही पिशवीत गेली. हे सगळं पुस्तकाप्रमाणे, अगदी बरोबर चाललं होतं.

मग आमचं काम. कोंबड्या हाताळलेल्या माणसांचे घसे तपासायचे होते. मीही पांढऱ्या पोशाखात होते, बुधीबाईने मला ओळखलं नाही. ओट्यावर बसली होती, नेहमीच्याच जागी. मी काडी काढली.

"बुधीबाई, आ कर."

आवाजावरून ओळखलं तिने. मान वर करून बघितलं, आणि ओठ मिटून घेतले. मागे वाडी उभी होती, तिचं बघत.

"तुमी जा आता," ती म्हणाली.

कुणीच तोंड उघडलं नाही. मनीषाच्या वाडीवरही नाही. डबा रिकामाच परत आणला.

घरी आले, घोंगडी कपाटात ठेवली. ऑफिसात माझं कौतुक झालं, साथ वेळीच आवरली म्हणून. कुणीही आजारी पडलं नाही, निदान आम्हाला कळलं नाही. पण जे घडलं नाही ते बुधीबाईला कसं दाखवू? तिला दिसतं ते रिकामं अंगण. जाणार असाल त्यांच्यासाठी सांगते: रस्ता सोपा आहे, थंडीत जा, भाकरी मिळेल तिथे खा. वाडीवर कोंबड्यांचं काही विचारू नका.

काल वैशालीला फोन केला. ती मनीषाच्या वाडीची आशाताई. बाळाची चौकशी केली.

"मनीषा म्हनते बरा हाय."

"आणि आसपास? कोंबड्या वगैरे?"

"मरत असतील मॅडम. आता कोनी सांगत नाय. गपचूप पुरून टाकतात. मी गेलते काल. बाळ खोकतंय का, विचारला. मनीषा बोलली, नाय खोकत. दाराच्या आत नाय घेतला मला."

"मग?"

"मग काय मॅडम. मी दारातच होते. मला ऐकू येत होता ना खोकला."